पटावरची मुलं बदलली आहेत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आपली शाळा : काल आणि आज’ हा विषय दिला आहे. मी १९७९ साली याच शाळेतून सातवी झाले आणि पुढं तीसहून अधिक वर्षं बीड जिल्ह्यातच जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली. शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख होते. म्हणून दोन शब्द बोलायचं धाडस करते.

सकाळपासून अनेकांच्या तोंडून एकच वाक्य ऐकतेय, “आपल्या वेळची शाळा राहिली नाही.” पुरावा म्हणून शिष्यवृत्तीचा फलक दाखवतात. सातवीच्या नावांची यादी एका वर्षी थांबते ती थांबतेच. अहो, २०१६-१७ पासून काही वर्षं चौथी आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी आणि आठवीला नेली होती. आपली शाळा सातवीपर्यंतची. त्या वर्षांत परीक्षाच नव्हती, तर नाव लिहायचं कुणाचं?

आता खरा मुद्दा. आपल्या वर्गात कोण कोण होतं ते आठवा. डॉक्टरांचा मुलगा, सरपंचांची पुतणी, तलाठ्याची पोरं आणि सालगड्याची पोरं, सगळे एकाच बसकरपट्टीवर. गावात दुसरी शाळा नव्हती, म्हणून गाव एकत्र शिकत होतं. मुली मात्र सातवीपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरायच्या.

आज सकाळी फाट्यावर उभं राहून बघा. ज्यांना फी परवडते त्यांची मुलं पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. एकाच घरातला मुलगा गाडीत आणि मुलगी पायी आपल्या शाळेत, हेही माझ्या केंद्रात मी कितीतरी घरांत पाहिलं. पटावर उरली ती शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवर आलेल्यांची मुलं. आणि मुली. त्या आता सातवीपर्यंत टिकतात, ही आपल्या वेळेपेक्षा मोठी गोष्ट आहे. पण फलकावर तिची नोंद नाही.

गुरुजींनी शिकवलेलं सरासरीचं गणित करू. समजा, वर्गात ४० मुलं आहेत आणि सरासरी ६० गुण. त्यातली ८० गुणांच्या आसपासची १० मुलं दुसऱ्या शाळेत गेली. राहिलेल्या ३० मुलांची सरासरी किती? सुमारे ५३. कुणाचाही एक गुण कमी झालेला नाही, शिक्षक तेच, शिकवणं तेच. तरी गावात बोभाटा होतो, शाळेचा दर्जा घसरला. तो ऐकून आणखी चार पालक मुलं काढतात. पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद जातं. सहावी-सातवीला ३५ मुलांमागं एक शिक्षक, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. मग गणिताचा शिक्षक गेला की खरोखरच दर्जा घसरतो. बोभाटा आधी, घसरण नंतर, असा हा क्रम आहे.

याचा अर्थ शाळेला जाब विचारू नये असा नाही. सहावीतल्या मुलाला परिच्छेद वाचता येत नसेल, तर बाप निरक्षर आहे हे शिक्षकाचं उत्तर होऊ शकत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी होती. ती मागणी ज्यांच्यासाठी होती, तीच मुलं आज आपल्या पटावर आहेत. पण जाब विचारताना प्रश्न नेमका हवा. मूल पाचवीत आलं तेव्हा त्याला काय येत होतं आणि सातवीतून जाताना काय येतं, हे विचारा. शेजारच्या शाळेतल्या, घरी शिकवणी असलेल्या मुलाशी त्याची तुलना करू नका.

ऊसतोडीच्या मुलांचं तर गणितच वेगळं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, पाडव्याच्या आसपास परत येते. म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ सगळं कारखान्याच्या कोपीवर जातं. भागाकार शिकवला जातो तेव्हा ते मूल धाकट्या भावंडाला सांभाळत असतं. ते परत येतं तेव्हा वर्ग अपूर्णांकावर असतो. कायद्यानं त्याला वयानुसार वर्गात बसवता येतं, विशेष प्रशिक्षणाची सोयही आहे. पण मधलं सहा महिन्यांचं भगदाड कागदावर बुजत नाही.

त्यावर सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय मी डोळ्यांनी पाहिला आहे. मूल गावातच ठेवणं. हंगामी वसतिगृहाची योजना त्यासाठीच आहे. आई-वडील तोडीला गेले तरी मुलाला जेवण मिळावं, शाळा सुटू नये, हा तिचा हेतू. मूल आजीजवळ राहतं, तिथं खायची सोय होते. उणीव असते ती संध्याकाळी. आजीला डोळ्यांनी दिसत नाही, अभ्यास घ्यायला कुणी नाही, आणि थोरली मुलगी घरात एकटी, म्हणून आई-बाप तिला बरोबर नेतात. त्यातल्या कितीतरी मुली पुन्हा पटावर आल्या नाहीत. त्यांची लग्नं झाल्याचं आम्हाला नंतर कळायचं.

आज आपल्या निधीतून शाळेला कमान बांधायचं ठरतंय. कमानीला माझा विरोध नाही, तिच्यावर आपल्या तुकडीचं नाव दिसेल याचा मलाही आनंदच होईल. पण एक विनंती करते. त्याच निधीतून आधी दिवाळी ते पाडवा संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू करू. गावातल्याच एका शिकलेल्या मुलीला मानधन देऊ, दोन खोल्यांत दिवे आणि चटया करू, आणि मुलींना घरापर्यंत पोचवायला दोन बायका नेमू. टोळ्या निघायच्या आधी आपल्यापैकी चौघं-पाचजण मुकादमाच्या आणि पालकांच्या घरी जाऊन सांगू, “पोरं इथं ठेवा, आम्ही आहोत.” हे शिक्षकांनी सांगितलं तर पालक ऐकून घेतात; गावच्या माणसांनी सांगितलं तर विश्वास ठेवतात.

पुढच्या पाडव्याला हजेरीपटावर किती नावं टिकली ते मुख्याध्यापकांना विचारू. तो आकडा कमानीवर लिहिण्यासारखा असेल.