फवारणी लागू का पडत नाही?

औषध तेच, पंप तोच, प्रमाणही तेच. तरी अळी मरत नाही. अशा वेळी कीड प्रतिकारक झाली असे लगेच म्हटले जाते. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत मात्र आधी कपाशीची कैरी (हिरवे बोंड) फोडून पाहावी लागते. अळी आत शिरली की छिद्र बुजते, कैरी बाहेरून धडधाकट दिसते आणि फवारा आतल्या अळीपर्यंत पोचतच नाही. ही प्रतिकारक्षमता नव्हे, उशीर आहे.

खरी प्रतिकारक्षमता प्रयोगशाळेतच मोजली जाते. शेतातून आणलेल्या अळ्यांची पैदास करून, पुढच्या पिढीतील अळीच्या पाठीवर सूक्ष्म थेंबाने औषध लावतात आणि निम्म्या अळ्या मारणारी मात्रा काढतात. बीटी कपाशीतल्या विषाची चाचणी असेल तर ते खाद्यात मिसळतात. औषधाशी कधीच संपर्क न आलेल्या, प्रयोगशाळेत जोपासलेल्या अळ्यांच्या मात्रेशी तुलना केली की शेतातली कीड किती पट सहनशील झाली ते कळते. औषध अळीला ताकद देत नाही. ते कमजोर अळ्या मारते आणि मूळच्याच दणकट चार-दोन मागे ठेवते. पुढची पिढी त्यांचीच.

देशात बीटी कापूस 2002 मध्ये आला, दोन जनुकांचा 2006 मध्ये. पहिल्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे 2010 मध्ये गुजरातबाबत जाहीर झाले. पुढे दुसराही निष्प्रभ ठरला आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीचे अतोनात नुकसान झाले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने किडीतील हा बदल नोंदवला होता. पण दणकट नसलेल्या अळ्याही टिकाव्यात म्हणून लावायच्या बिगर-बीटीच्या आश्रय ओळी फारशा कोणी लावल्या नाहीत आणि फरदड, म्हणजे हंगामानंतरही राखलेली कपाशी, चालूच राहिली. पूर्णा प्रकल्पाचे पाणी मिळणाऱ्या वसमतच्या शिवारात पऱ्हाटी जानेवारीनंतरही उभी ठेवण्याचा मोह मोठा, म्हणून हा विषय इथे जिव्हाळ्याचा आहे.

याच विषयावरच्या परिषदेला आलेले संशोधक, कृषी सहायक, औषधविक्रेते आणि शेतकरी यांचे स्वागत समिती वसमतमध्ये मनःपूर्वक स्वागत करते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय सुरू करावा, हे गावोगाव ठाऊक झाले आहे. प्रतिकारक्षमतेच्या चाचणीचे निष्कर्ष मात्र अजून तितके पोचत नाहीत. दुकानात डब्यावरचे नाव बदलते, रसायनाचा गट तोच राहतो. त्यामुळे कोणत्या गटाचे औषध यंदा थांबवायचे, हे पेरणीआधी आणि मराठीत सांगणारा तालुकावार निष्कर्ष शेतकऱ्याच्या हाती पडणे, ही आजची पहिली गरज आहे.