भूकंपानंतरची श्रद्धा



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कुणीही किल्लारीच्या भूकंपाची, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट पाहिलेली नाही. तुमचा जन्म झाला तोवर नवी किल्लारी वसून गेली होती. तरीही तुमच्या घरात लग्नं, जन्म, शेताची वाटणी, सगळ्याची मोजणी भूकंपाच्या आधी की नंतर अशीच होते. तरुणांमध्ये राहून धर्मावर बोलणं हे माझं काम आहे, आणि आज मला श्रद्धा, कुटुंब आणि आयुष्याला मिळणारी वळणं या विषयावर बोलायचं आहे. किल्लारीत हा विषय चार सुभाषितं सांगून उरकता येत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपतीचं विसर्जन झालं, माणसं रात्री उशिरा घरी येऊन झोपली, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं जमीनदोस्त झाली. सुमारे 8 हजार माणसं गेली, आणि काही गणना याहून मोठा आकडा सांगतात. ज्या देवाला दहा दिवस पुजलं, त्यानं त्याच रात्री हे का होऊ दिलं, हा प्रश्न इथल्या घराघरात विचारला गेला आहे. धर्मावर बोलणाऱ्यानं या प्रश्नाला बगल देऊन या व्यासपीठावर उभं राहू नये. म्हणून माझं म्हणणं आधीच मांडतो. संकट का आलं हे सांगणं हे श्रद्धेचं काम नाही. संकट आल्यावर कोण आपलं आहे, कुणाचा भार आता आपण उचलायचा आहे, हे सांगणं तिचं काम आहे. जी श्रद्धा हे काम करत नाही ती कितीही जुनी असो, तिला प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

कारण सांगण्याचं काम विज्ञानानं केलं आहे, आणि ते नीट समजून घेणं हे मेलेल्यांविषयीचं आपलं पहिलं कर्तव्य आहे. दख्खनचं पठार स्थिर आहे असं तेव्हा जाणकारही मानत. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 मध्ये मानक सुधारलं गेलं तेव्हा तो तिसऱ्या विभागात आला. 1992 च्या उत्तरार्धात या परिसराला लहान लहान धक्के बसत होते, लोक घाबरले होते, पण एवढा मोठा धक्का इथे बसेल हे कुणाच्या हिशेबात नव्हतं. आणि मोठा म्हणजे तरी किती? 6.2 तीव्रतेचा. जगाच्या मापानं तो मध्यमच म्हणावा लागेल. साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला 6.7 तीव्रतेचा भूकंप झाला. तोही पहाटे साडेचारच्या सुमारास, माणसं झोपेत असताना आणि दाट वस्तीखाली. तिथे सुमारे 60 माणसं दगावली. एवढा फरक घरांनी केला. आपल्याकडच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, ओबडधोबड दगड मातीत रचलेले. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचं माळवद. गळती थांबावी म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा मातीचा थर चढायचा आणि वजन वाढत जायचं. धक्क्यानं भिंती फुगून फुटल्या आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. ज्यांच्याकडे जाड भिंतींचे वाडे होते ते वाड्यांखाली गाडले गेले. कुडाच्या झोपडीत, हलक्या छपराखाली झोपलेली गरीब माणसं तुलनेनं जास्त वाचली. ही गोष्ट लक्षात ठेवा, माझं पुढचं बोलणं तिच्यावर उभं आहे.

मोठी आपत्ती आली की पापाचा हिशेब मांडणारे लोक पुढे येतात. हे फक्त अडाणी माणसं करतात असं समजू नका. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं जाहीरपणे सांगितलं. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेचे तितकेच कडवे विरोधक होते, पण त्यांनी या विधानाला उघड हरकत घेतली. निसर्गातल्या घटनांची कारणं निसर्गातच असतात, आणि नीतीचा युक्तिवाद असा भूकंपाच्या आधारावर उभा केला तर उद्या कुणीही आपल्या विरोधकांना तसंच पापी ठरवेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गांधीजींनी ती हरकत स्वतःच्या ‘हरिजन’ पत्रात छापली आणि तिला उत्तरही दिलं, हा त्यांचा मोठेपणा. पण या वादात मी टागोरांच्या बाजूनं उभा आहे, आणि त्याचा पुरावा किल्लारीनं दिला आहे. भूकंपानं पुण्य पाहिलं नाही, जात पाहिली नाही, आरती कुणी केली आणि कुणी केली नाही हे पाहिलं नाही. त्याचा हिशेब फक्त भिंतीशी आणि छपराशी होता. जी तान्ही लेकरं त्या पहाटे गेली त्यांच्या पापाची भाषा बोलणारा माणूस देवाची बाजू घेत नाही. तो देवाला क्रूर ठरवतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मनापासून येतो म्हणून त्याला आदरानं उत्तर दिलं पाहिजे. ‘देवाची इच्छा’ असं म्हणूनच कित्येक माणसांनी ते दुःख सोसलं, उठून पुन्हा शेत पेरलं. त्यांचा तो आधार तुम्ही का काढून घेता? मी काढून घेत नाही. ज्याचं घर गेलं, लेकरू गेलं, त्यानं आपल्या दुःखाला जे नाव द्यायचं ते द्यावं, आणि आपण त्याच्याजवळ बसून ते ऐकून घ्यावं. तिथे वाद घालणं निर्दयपणाचं आहे. पण तेच वाक्य व्यासपीठावरून, ज्याचं काही गेलेलं नाही अशा माणसाच्या तोंडून आलं की त्याचा अर्थ पालटतो. मग ते भिंतीतल्या राहून गेलेल्या आरपार दगडावर पांघरूण घालतं, न ऐकलेल्या लहान धक्क्यांवर पांघरूण घालतं आणि पुढच्या वेळी तसंच घर बांधायला मोकळीक देतं. शोक करणाऱ्याचं बोलणं आणि उपदेश करणाऱ्याचं बोलणं यांना एकच माप लावता येत नाही. तुमच्यापैकी जे शिक्षक होतील, प्रवचनकार, मौलाना, भंते किंवा पास्टर होतील, त्यांनी हा फरक विसरू नये.

आता कुटुंबाकडे वळतो. कारण श्रद्धेची खरी परीक्षा मंदिरापेक्षा घरात होते आणि इथे ती फार कठोर झाली. भूकंपानंतर पुण्याच्या भारतीय जैन संघटनेनं, शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं, या दोन जिल्ह्यांतल्या सुमारे 1200 मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची आणि सांभाळाची जबाबदारी घेतली. जवळच्या हराळीला ज्ञान प्रबोधिनीनं शाळा उभी केली. रक्ताचं नातं नसलेल्या माणसांनी दुसऱ्यांची लेकरं वर्षानुवर्षं वाढवली, आणि ही मुलं त्या माणसांच्या जातीची किंवा धर्माची आहेत का हा प्रश्न आड आला नाही. याच मातीत, इथून फार दूर नसलेल्या कल्याणला, बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी कायक आणि दासोहाचा विचार मांडला होता: कष्टानं मिळवावं आणि मिळालेलं समाजाच्या पानात वाढावं. कुटुंबाची सीमा रक्ताच्या पुढे नेणं हे आपल्या परंपरेला परकं नाही.

पण दुसरी बाजूही याच भूकंपानं उघडी केली, आणि ती सांगताना मला वाईट वाटतं. पत्नी गमावलेल्या पुरुषांची लग्नं लवकर लागली. पती गमावलेल्या बायकांच्या वाट्याला ते फार क्वचित आलं. दोघांचं दुःख सारखं होतं, दोघांची लेकरं सारखीच उघडी पडली होती, तरी एकाला नवा संसार मिळाला आणि दुसरीला रीत सांगण्यात आली. याला धर्माचं नाव देऊ नका. देवावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला विधवेच्या एकटेपणाचं समर्थन करता येत नाही. पुनर्वसनानं घरांचीही रचना बदलली. जमिनीच्या प्रमाणात 250 ते 750 चौरस फुटांची घरं मिळाली, रुंद सरळ रस्ते झाले, भिंती मजबूत झाल्या. मात्र घर कुटुंबामागे मिळणार म्हटल्यावर एकत्र कुटुंबांच्या चुली वेगळ्या झाल्या, आणि जुन्या गावठाणात भिंतीला भिंत लागून असलेला शेजार लांब गेला. मी एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणार नाही. त्या वाड्यांत सुनांना किती मोकळा श्वास मिळायचा हे आपल्याला माहीत आहे. पण जुन्या रचनेत म्हाताऱ्या माणसाची विचारपूस आपोआप व्हायची. आता ती ठरवून करावी लागते, आणि ठरवून केलेल्या प्रेमाची किंमत कमी नसते.

तुमच्यातला एखादा विवेकवादी तरुण म्हणेल, हे सगळं माणुसकीनं होतं, मग श्रद्धा हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर 1993 मध्ये ढिगारे उपसायला आलेल्या जवानांपैकी, डॉक्टरांपैकी आणि कॉलेजच्या पोरांपैकी कित्येकांनी आयुष्यात देवापुढे हात जोडले नसतील. चांगुलपणावर श्रद्धाळूंची मालकी आहे असा दावा मी करत नाही. तसा दावा करणारा माणूस गर्विष्ठ आहे. मी एवढंच म्हणतो, की मदतीचा पूर पहिल्या महिन्यात येतो आणि मग ओसरतो. छायाचित्रं काढणारे निघून गेल्यावर जे उरतं ते सवयीनं उरतं. वारीतलं अन्नदान, मठातला दासोह, मुसलमानांची बचतीच्या अडीच टक्क्यांची जकात, बौद्धांचं दान, या सगळ्यांनी मदतीला मनःस्थितीवर सोडलं नाही. तिला वेळ लावून दिली, वाटा ठरवून दिला, कंटाळा आला तरी ती करायची असं शिकवलं. श्रद्धेचं हे बळ खरं आहे. ज्याला श्रद्धा नको त्यानं अशी शिस्त दुसऱ्या वाटेनं कमवावी; मी त्याच्याबरोबर चालायला तयार आहे. परीक्षा दोघांची एकच: दहाव्या वर्षी तुम्ही कुणाच्या दारात उभे आहात?

या परीक्षेत उत्तम उतरलेली माणसं तुमच्याच घरांत आहेत. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा जो मोठा कार्यक्रम झाला, त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. ज्यांनी तोवर ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं त्या बायका आरपार दगड कुठे घालायचा, भिंतीला पट्टा कसा द्यायचा हे गवंड्यांना विचारू लागल्या. 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा इथल्या बायका तिथे गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. भाषा वेगळी, धर्म कित्येकदा वेगळा. पण आपलं माणूस मातीखाली गेल्यावर काय होतं हे सांगायला त्यांना दुभाष्याची फारशी गरज नव्हती. कच्छचा भूकंप का झाला याचं कारण त्या सांगायला गेल्या नव्हत्या. घर पुन्हा कसं उभं करायचं ते त्यांनी सांगितलं. मला विचाराल तर किल्लारीनं जगाला दिलेलं सर्वांत मोठं प्रवचन ते आहे.

शेवटी तुमच्या स्वतःच्या आयुष्यातल्या बदलाविषयी. तुमच्यापैकी बरेच जण पुण्याला, हैदराबादला, मुंबईला जाणार. काहींच्या घरी आज अभिमानाबरोबर भीतीही आहे, की पोरगं गाव विसरेल, देव विसरेल, आईबापाला विसरेल. पालकांना मला एवढंच सांगायचं आहे, की घरापासून लांब जाणं म्हणजे घर सोडणं असा अर्थ लावू नका. तुमच्या मुलांच्या पदवीपत्रावरच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांनी संन्यास घेतला. पण संन्यास त्यांना गुहेत घेऊन गेला नाही. इथून जवळच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला त्यांनी मुलं शिकवली, निजामाच्या तुरुंगात गेले आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबादचा मुक्तिसंग्राम लढवला. त्यांचं कुटुंब लहान झालं नाही, ते सबंध मराठवाड्याएवढं झालं. माणूस कुठे राहतो यापेक्षा तो कुणासाठी उत्तर द्यायला बांधील आहे, यावरून त्याची श्रद्धा आणि त्याचं कुटुंब दोन्ही ओळखावं.

म्हणून तुमच्याकडे माझं मागणं थोडं आहे, पण ते नेमकं आहे. आईवडील जुन्या दगडी घरात राहत असतील तर पहिल्या पगारातून त्या भिंतींची तपासणी आणि मजबुती करून घ्या. नवस फेडायला नंतर वेळ मिळेल. लग्न ठरेल तेव्हा हुंड्याला घरात सर्वांत आधी तुम्हीच नकार द्या, कारण या दुष्काळी भागात मुलीच्या लग्नाच्या कर्जानं मोडलेली घरं भूकंपानं पाडलेल्या घरांइतकीच खरी आहेत. नात्यातल्या एखाद्या विधवा बाईनं पुन्हा संसार मांडायचं ठरवलं तर त्या लग्नाला हजर राहा आणि पंगतीत पुढे बसा. आणि पुढच्या 30 सप्टेंबरला कुठेही असलात तरी घरी फोन करून त्या पहाटेविषयी विचारा, आणि मोठी माणसं सांगतील ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.