अ‍ॅप काय सांगतं आणि काय ठेवून घेतं

(चिंचवडमध्ये तरुणांसमोर केलेलं भाषण)

आज गुरुवार. भोसरी-पिंपरीतल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी, म्हणून तुम्ही एवढे जण आलात. मागे दोघं-तिघं चाकणची रात्रपाळी करून थेट आलेले दिसतात. त्यांना डुलकी लागली तर मी रागावणार नाही.

आमच्या गल्लीतला एक मुलगा चाकणला कंत्राटी कामगार आहे. पगार लांबला तेव्हा त्याने एका अ‍ॅपवरून ५ हजारांचं कर्ज घेतलं. अ‍ॅपने कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी मागितली, याने दिली. हप्ता चार दिवस चुकला, आणि सुपरवायझरला, बहिणीच्या सासरी, मशिदीच्या इमामसाहेबांना मेसेज गेले : हा चोर आहे. सोबत फोटो. पैसे त्याने फेडले. बहिणीच्या सासरी मात्र तो अजून गेलेला नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अ‍ॅपनी कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाइल उघडू नयेत असं सांगितलं. २०२३ पासून गुगलनेही प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या अ‍ॅपना कॉन्टॅक्ट आणि फोटोंची बंदी केली. पण लिंकवरून उतरवलेलं बेकायदा अ‍ॅप या दोघांनाही विचारत नाही.

म्हणून कुठलंही अ‍ॅप चांगलं की वाईट हे त्याच्या जाहिरातीवरून ठरवू नका. एकच प्रश्न विचारा : याच्याकडे माझं काय साठतं?

आता आपल्या अगदी जवळचं उदाहरण. नमाजची वेळ आणि किबला दाखवणारं ‘मुस्लिम प्रो’ जगभर कोट्यवधी लोकांनी घेतलेलं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ने बातमी दिली की या अ‍ॅपमधून लोकांचं लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जातं, आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे ठेकेदार आहेत. लष्कराला आम्ही काही विकलं नाही, असं अ‍ॅपवाल्यांनी सांगितलं, आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. म्हणजे फजरला कोण कुठे होता, ही माहिती बाजारात गेली होती. वापरणाऱ्याला पत्ता नव्हता. दुसऱ्याच्या घरात इजाजतीशिवाय शिरू नये, हे आपण मकतबात शिकलो ना? आणि गंमत बघा, पिंपरी आणि चाकणच्या मगरिबमध्ये पुरता एक मिनिटही फरक पडत नाही. शहराचं नाव टाकलं तरी वेळ बरोबर येते. तुमची गल्ली कळायची गरजच नाही.

मेसेजच्या अ‍ॅपचं काय? व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही लिहिलेलं कंपनीला वाचता येत नाही, पण तुम्ही कोणाशी, कधी बोलता याची माहिती तिला मिळते. टेलिग्रामला लोक उगाच जास्त सुरक्षित समजतात. तिथलं साधं चॅट कंपनीच्या सर्व्हरवर राहतं. ‘सिक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावं लागतं, आणि ग्रुपला ती सोयच नाही. सिग्नलला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयीन आदेशानुसार माहिती द्यावी लागली. त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी साठवलंच नव्हतं. तरी घरचे, ठेकेदार, शिफ्टचा ग्रुप सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, हे मला माहीत आहे. माझेही आहेत.

तेच अ‍ॅप सगळीकडे सारखं वागतं असंही नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवी अट आणली : फेसबुकच्या कंपन्यांशी माहिती वाटून घेणं मान्य करा. युरोपातल्या लोकांना यातून वेगळं ठेवलं, कारण तिथला कायदा कडक आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने याच प्रकरणात मेटाला २१३ कोटींचा दंड केला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. माहिती संरक्षणाचा कायदा व्हायला २०२३ उजाडलं, नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर. त्यातही सरकारी यंत्रणांना मोठी सूट ठेवली आहे. ती मला खटकते.

अ‍ॅप कितीही चांगलं असलं तरी समोरच्याची गॅलरी तुमच्या हातात नसते. चाकणला रूम बघायला गेलात की एजंट म्हणतो, आधार व्हॉट्सअ‍ॅप कर. रूम मिळत नाही, आणि नाव, पत्ता, आधार त्याच्याकडे राहून जातं. आपल्या मुलांना तर नाव वाचूनच नकार येतो, म्हणजे एका रूमसाठी दहा जणांकडे आधार. पीएफसाठी ठेकेदाराला पूर्ण क्रमांक लागतो, मान्य. एजंटला कशाला? यूआयडीएआयच्या वेबसाइटवर ‘मास्क्ड आधार’ मिळतं, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. तेही सौदा ठरल्यावर द्या.

चहा यायला दहा मिनिटं आहेत. फोन काढा. सेटिंगमध्ये परवानग्या, त्यात लोकेशन. ‘कायम’ असं कोणाकोणासमोर लिहिलंय ते मोठ्याने वाचा, मी फळ्यावर लिहितो.