लेसर, कार्बनचा धागा आणि आपली मुले
(मसुरे येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



आम्ही कलाशाखेचे पदवीधर, बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून. यंत्रविद्येवर बोलण्याचा आमचा अधिकार नव्हे. परंतु शैक्षणिक कर्जाचे अर्ज घेऊन येणारी आपली मुले 'पुढे काय शिकू?' असे विचारतात, तेव्हा उत्तर शोधणे आमचे कर्तव्य ठरते. त्या शोधात हाती लागलेला विषय आज आपल्यापुढे मांडतो.

काथ्याचे धागे ओळीने मांडून त्यांवर राळ ओतली आणि ती घट्ट होऊ दिली, तर हलकी पण चिवट फळी तयार होईल. काथ्याच्या जागी केसाहून बारीक कार्बनचे धागे आणि राळेच्या जागी इपॉक्सी घ्या. हेच कार्बन फायबरचे संमिश्र होय. 'तेजस' विमानाच्या सांगाड्याच्या वजनात संमिश्रांचा वाटा सुमारे 45 टक्के आहे, आणि हे विमान आता नाशिकजवळ ओझर येथेही बांधले जाते.

ही फळी कापणे मात्र कठीण. ड्रिलची धार लवकर बोथट होते, कडेचे धागे उसवतात, थर सुटतात. लेसरच्या किरणाला धारच नाही, मग झिजणार काय? कापणीच्या कामात पुढे नावारूपास आलेला कार्बन डायऑक्साइड लेसर 1964 साली सी. कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले, याचा आपणांस अभिमान वाटावा.

पण इथेही अडचण आहेच. कार्बनचा धागा उडून जाण्यास 3000 अंशांहून अधिक तापमान लागते. राळ मात्र 400 अंशांच्या सुमारासच जळू लागते. शिवाय धागा उष्णता आत वाहून नेतो. धागा तुटेपर्यंत कडेची राळ जळून जाते आणि तो भाग कमजोर होतो.

दिव्याच्या ज्योतीतून बोट झटकन फिरवले तर भाजत नाही, थांबवले तर भाजते. उपाय हाच! किरण अखंड न सोडता सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतक्या सूक्ष्म ठोक्यांनी सोडतात, त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा वेगाने फिरवतात आणि मध्ये फळी निवू देतात. कड स्वच्छ येते, पण वेळ लागतो. म्हणून विमानाच्या मोठ्या भागांसाठी आजही ड्रिल आणि पाण्याचा झोत यांचाच वापर अधिक होतो. विद्या अजून पुरती स्थिरावलेली नाही. म्हणूनच नव्याने शिकणाऱ्याला तिथे जागा आहे.

मुलांनो, शेवटी एकच सांगणे. जळणाऱ्या राळेचा धूर विषारी असतो, कार्बनची धूळ छातीत जाते, आणि किरण डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. धूर खेचणारी यंत्रणा आणि त्या लेसरसाठीचाच चष्मा हवाच. कामावर रुजू व्हाल त्या दिवशी पगार विचाराच. पण त्याआधी हा धूर जातो कुठे, हे विचारा. ते विचारण्याचे धैर्य शिक्षणाने यावे, एवढीच आमची अपेक्षा.