महासरोवरांवरील मालवाहू जहाज



जिन्नस एकीकडे व गरज दुसरीकडे असली म्हणजे भाव वाहतूकच ठरविते, हें आपण व्यापारी व जमीनदार मंडळी जाणतांच. उत्तर अमेरिकेंतील महासरोवरांवरहि तसेंच होतें. लोखंडाचें खनिज सुपीरियर सरोवराकांठीं मार्क्वेट बंदरीं, आणि गिऱ्हाईक दूर ईरी सरोवराकांठीं.

१८६९ सालीं क्लीव्हलंड येथें एलायहू पेक यांनीं ‘आर. जे. हॅकेट’ हें लांकडी आगबोटीचें जहाज बांधलें. सुकाणूची खोली अगदीं पुढें, यंत्र अगदीं मागें, आणि मधलें सारें पोट मालास मोकळें. वरचीं तोंडें २४-२४ फुटांवर ठेविलीं. कारण मार्क्वेटच्या धक्क्यावरील घसरणींशीं तें अंतर जुळे. खनिज आपल्याच भारानें आंत उतरे व बंदरांतला खोळंबा टळे.

१८८२ सालीं ‘ओनोको’ हें लोखंडी जहाज याच धर्तीवर निघालें. ‘हॅकेट’ १९०५ सालीं जळून गेलें. परंतु त्याची आंखणी पुढें कित्येक दशकें टिकली.

आधीं धक्का पाहिला, मग जहाज आंखलें, हें पेक यांचें शहाणपण. धान्य खरेदीस द्रव्य देणाऱ्या आपणांस आमची हीच विनंति: तें उतरेल कोठें व पोंचेल कसें, याचीहि तरतूद त्याच दानांत असावी.