चेहऱ्यांतील कळ

मनुष्याला जडणाऱ्या व्यथांपैकीं कांहीं व्यथा डोळ्यांना दिसतात आणि दिसतात म्हणूनच त्यांना सहानुभूति लाभते. मोडलेला हात गळ्यांत बांधलेला असतो. ताप हाताला लागतो. जखमेवर पट्टी असते. परंतु चेहऱ्याच्या एका बाजूस विजेसारखी चमकून जाणारी कळ कोणासच दिसत नाहीं. ती अकस्मात् येते, कांहीं क्षण किंवा फार तर दोन मिनिटें माणसाला जागच्या जागीं खिळवून ठेवते आणि निघून जाते. मागें उरतो तो निरोगी दिसणारा चेहरा. हीच कळ आजच्या भाषणाचा विषय आहे. वैद्यकांत तिला ‘ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया’ असें नांव आहे. मराठींत तिला मुखशूळ म्हणतां येईल.

भिवंडी शहराला लागून असलेल्या शेलार गांवांतील, पन्नाशी ओलांडलेला एखादा यंत्रमाग-कामगार श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. मागांच्या खडखडाटांत शेजाऱ्याशीं बोलावयाचें तर ओरडूनच बोलावें लागतें. आणि ओरडण्यासाठीं जबडा उघडला कीं गालांतून कळ निघते. हवेंत उडणारे सुताचे तंतु तोंडावर बसतात. ते पुसावयाला हात लावला कीं कळ. पंख्याचा वारा लागला कीं कळ. भाकरीचा घास चावला कीं कळ. सकाळीं दांत घासावयाला घेतले कीं कळ. हळूहळू तो त्या बाजूची दाढी करणें सोडतो, त्या बाजूनें चावणें सोडतो, पुढें जेवणेंच कमी करतो. घरच्यांना वाटतें, हा घुम्या झाला. मुकादमाला वाटतें, हा कामचुकार झाला. वस्तुतः तो पुढच्या कळेच्या धास्तींत जगत असतो.

या व्यथेचें पहिलें दुर्दैव असें कीं, ती दांतदुखीचा वेष घेऊन येते. कळ जबड्यांत उठते, म्हणून रुग्ण दाढ काढून घेतो. कळ थांबत नाहीं. तेव्हां शेजारची दाढ जाते, मग तिच्या शेजारची. चांगले दांत गमावूनही दुखणें होतें तेथेंच राहतें. कारण दोष दांतांत नसतो. दांतांचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या तारेंत असतो.

मेंदूपासून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यांतील पांचव्या जोडीच्या प्रत्येक तंतूला तीन शाखा असतात : एक कपाळ व डोळा यांकडे, दुसरी गाल व वरचा जबडा यांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. चेहऱ्याला होणारा स्पर्श, उष्णता, गारवा आणि वेदना यांची वार्ता हाच तंतु पोंचवितो. मुखशूळ बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या शाखेच्या प्रदेशांत उठतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांत आणि तरुणांपेक्षां उतारवयांत तो अधिक आढळतो.

हें दुखणें नवें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतील ‘अनंतवात’ या रोगाच्या वर्णनांत डोळे, भुवया व शंखप्रदेश यांतील तीव्र वेदना, गालाच्या बाजूचा कंप आणि जबड्याची जखडण हीं लक्षणें येतात. कित्येक अभ्यासक त्याचें या व्यथेशीं साम्य दाखवितात. युरोपांत निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यवैद्यानें १७५६ सालीं या रोगाला वेगळें नांव दिलें, आणि १७७३ सालीं लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनीं त्याचें बारकाईनें वर्णन केलें. पण कारण कळावयास पुढें दीड शतकाहून अधिक काळ लागला.

अमेरिकेंत बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी हे शल्यविशारद या तंतूवर शस्त्रक्रिया करीत असत. अनेक रुग्णांत मेंदूजवळ, तंतूच्या मुळाशींच, एखादी रक्तवाहिनी त्याला टेकलेली त्यांना दिसली. १९३४ सालीं त्यांनीं तें निरीक्षण प्रसिद्ध केलें. पीटर जॅनेटा यांनीं १९६७ सालीं सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें तीच गोष्ट दाखविली आणि तिच्यावरून उपचाराची वाट काढली. शेलारच्या कारखान्यांत काम करणाऱ्याला हें कारण समजावयास मुळींच कठीण नाहीं. विजेच्या तारेवरचें वेष्टन सतत घासून झिजलें कीं तारा एकमेकींना भिडतात आणि ठिणगी उडते. तंतूवरही असेंच एक वेष्टन असतें. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उडणारी रक्तवाहिनी वर्षानुवर्षें त्यावर आपटते. वेष्टन झिजतें, आणि साध्या स्पर्शाची वार्ता शेजारच्या वेदनेच्या तंतूंत उतरते. वाऱ्याची झुळूक सुरीसारखी लागते ती यामुळें.

उपचाराचा आरंभ शस्त्रक्रियेनें होत नाहीं. फेफऱ्यावर दिलें जाणारें कार्बामाझेपीन हें औषध या कळेवरही चालतें, असें १९६२ सालीं स्वीडनमधील ब्लोम यांनीं दाखविलें. आजही पहिलें औषध तेंच आहे. साध्या वेदनाशामक गोळ्यांना न जुमानणारी कळ या औषधानें पुष्कळदां थांबते. मात्र त्यानें गुंगी येते, तोल जातो, रक्तांतील सोडियम उतरतें. कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतें. म्हणून तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, रक्त तपासून घ्यावें; मनानें वाढवूं नये व एकाएकीं बंदही करूं नये. फिरत्या मागाशीं काम करणाऱ्यानें तर गुंगीची गोष्ट डॉक्टरांना आधींच सांगावी.

कांहीं वर्षांनीं औषध पुरेनासें होतें किंवा सोसवेनासें होतें. शस्त्रक्रियेचा विचार तेव्हां येतो. जॅनेटा यांच्या पद्धतींत कानामागें कवटीला लहानसें छिद्र पाडतात, सूक्ष्मदर्शकांतून ती रक्तवाहिनी शोधून तंतूपासून हळुवारपणें दूर सारतात आणि दोहोंमध्यें टेफ्लॉनची मऊ गादी ठेवतात. तंतु कापला जात नाहीं. म्हणून बहुधा चेहऱ्याची संवेदना शाबूत राहते. जॅनेटा व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं ११८५ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनीं शेंकडा ७० रुग्ण औषधावांचून उत्तम स्थितींत होते. त्याच वृत्तांतांत दोन रुग्ण दगावल्याची व शेंकडा एकाची त्या बाजूची श्रवणशक्ति गेल्याचीही नोंद आहे. ही मेंदूजवळची शस्त्रक्रिया आहे. लाभ आणि धोका दोन्ही समजून घेऊनच तिला संमति द्यावी. वृद्ध किंवा अशक्त रुग्णासाठीं गालांतून सुई घालून तंतु उष्णतेनें किंवा फुग्याच्या दाबानें बधिर करणें, अथवा गॅमा किरण सोडणें, हे सौम्य मार्ग आहेत. त्यांत गाल कमीअधिक बधिर होण्याची किंमत द्यावी लागूं शकते.

हा उपचार मुंबईंतही होतो; तो परदेशींच होतो हा समज खरा नाहीं. हिंदी चित्रपटांतील सुप्रसिद्ध नट सलमान खान यांना हीच व्यथा होती. त्यांनीं २०११ सालीं ती जाहीरपणें सांगितली आणि अमेरिकेंत शस्त्रक्रिया करून घेतली. त्यामुळें या दुखण्याचें नांव घरोघर पोंचलें, हा मोठाच लाभ झाला. पण शेलारच्या रुग्णाला सातासमुद्रांपार जाण्याचें कारण नाहीं. भिवंडीहून एस. टी. नें ठाणें व तेथून लोकलनें परळ गांठलें कीं के. ई. एम. रुग्णालय जवळच आहे. मेंदू व मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग तेथें आहे.

दाढ काढण्यापूर्वीं तीन प्रश्न मनाशीं विचारावे. दुखणें चेहऱ्याच्या एकाच बाजूस आहे काय? तें विजेसारखें येऊन क्षणांत जातें काय? हलक्या स्पर्शानें, वाऱ्यानें, बोलण्यानें तें उठतें काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर दांतांच्या डॉक्टरांना तसें स्पष्ट सांगावें आणि मज्जातंतूंच्या तज्ज्ञांकडे जावें. रुग्ण तरुण असेल, कळ दोन्ही बाजूंस असेल किंवा गाल आधींच बधिर असेल, तर गांठ वा दुसरा विकार नाहीं ना, हें एम. आर. आय. नें पाहून घेणें विशेष अगत्याचें आहे.

शेवटीं एक सूचना घरच्या मंडळींना. रुग्ण तज्ज्ञांपुढें बसतो, तेव्हां आपली हकीकत त्याला नीट सांगतां येईलच असें नाहीं. कारण बोलणें हेंच त्याच्या कळेला निमंत्रण असतें. म्हणून त्याला एकटें पाठवूं नये. कळ केव्हां उठते, कशानें उठते, कोणत्या गोळ्या झाल्या, किती दांत काढले, हें एका कागदावर लिहून घरांतील कोणी तरी त्याच्या सोबत जावें आणि त्याच्या वतीनें बोलावें.