मागच्या चाकाची साक्ष



ह्या व्यासपीठावर इतिहास, अर्थशास्त्र, वेदान्त अशा थोर विषयांवर विद्वानांची व्याख्याने होत आली आहेत. आम्हांला मात्र मोटारीच्या मागच्या दोन चाकांविषयी बोलायचे आहे. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढचे शिक्षण मेस्त्रींनी आणि सार्वजनिक वाचनालयाने दिले. वयाची पन्नाशी उलटली. त्यांतली निम्मी वर्षे कामगार संघटनेत गेली. तेव्हा आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. जे हाताने मोजले, तेवढेच सांगू.

हा विषय आमच्याकडे आला तो एका माणसाच्या नोकरीच्या निमित्ताने. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या गाड्या तयार होत असत. तेथून दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर गेलेली दोन आसनांची गाडी वळणात गिरकी घेऊन टायरांच्या भिंतीवर आदळली. चालवणाऱ्याच्या खांद्याचे हाड मोडले. गाडी परत येताच मालकाने चाकांची अलाइनमेंट करणाऱ्या मेकॅनिकला कामावरून काढल्याचे पत्र दिले. तो आमचा सभासद. आम्ही तडक गॅरेज गाठले. भाषण तयारच होते. मालकाने शांतपणे विचारले, "गाडी का फिरली, ते तुम्ही सांगा. मग बाकीचं बोलू."

आम्हांला सांगता येईना. आयुष्यभर वाटाघाटी केलेला माणूस आम्ही. पण त्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटली. मग शिकणे भाग पडले.

गाडी वळते ती पुढच्या चाकांनी, अशी आपली सर्वांची समजूत असते, कारण स्टिअरिंग त्यांना जोडलेले असते. ते अर्धेच खरे. पुढची चाके दिशा मागतात. ती द्यायची की नाही, हे मागची चाके ठरवतात. ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की आस वाकडा असला तर बैल कितीही सरळ चालोत, गाडी चाकोरी सोडतेच.

मागच्या चाकाचे दोन कोन महत्त्वाचे. पहिला कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसा चाकाला लावून पाहावा. ट्रॅकच्या गाडीत चाकाचा माथा मुद्दाम आत झुकवलेला असतो. वळणात गाडीचे अंग बाहेरच्या बाजूला कलते आणि बाहेरचे चाक आपल्याबरोबर कलवू पाहते. आधीच आत झुकवलेले चाक ऐन वळणात सपाट बसते आणि टायरचा पूर्ण तळवा रस्त्याला टेकतो. हा कल साधारण २ अंशांच्या आसपास ठेवतात. १५ इंची रिमवर ओळंबा धरला, तर वरच्या व खालच्या काठांत सुमारे १३ मि.मी. फरक दिसतो. परंतु लोभ धरू नये. मागच्या चाकांना इंजिनाचा जोरही रस्त्यावर उतरवायचा असतो. कल फार झाला, तर सरळ रस्त्यावर टायर आतल्या कडेवरच धावते. म्हणून अशा गाड्यांत मागचा कल पुढच्यापेक्षा बहुधा थोडा कमी ठेवतात.

दुसरा कोन टो. वरून पाहिले असता दोन्ही चाकांची पुढची टोके किंचित आत वळलेली असली तर टो-इन, बाहेर वळलेली असली तर टो-आउट. मागे थोडे टो-इन हवेच. वळणात सारा भार बाहेरच्या चाकावर येतो. ते चाक किंचित आत पाहत असेल तर गाडीची शेपूट जागेवर धरून ठेवते. बाहेर पाहत असेल तर शेपटीलाच बाहेर घेऊन जाते. हे माप किती सूक्ष्म? प्रत्येक चाकाला १.५ मि.मी. म्हणजे १५ इंची रिमवर पाव अंशाहूनही कमी. एवढ्याशा फरकावर माणसाची हाडे अवलंबून असतात.

हे दुखणे मोठमोठ्यांनाही चुकलेले नाही. पोर्शे ९११ ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आली. तिचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे. भर वळणात चालवणाऱ्याने घाबरून पाय उचलला, की शेपूट फिरण्याची भीती. पुढे १९७७ साली त्याच कंपनीने ९२८ ही गाडी आणली, तेव्हा मागचा आस असा रचला की पाय उचलताच किंवा ब्रेक लागताच रबरी बुश दबून चाक बाहेर न वळता उलट आत वळावे. कंपनीचे संशोधन केंद्र ज्या वायसाख गावी आहे, त्याच गावाचे नाव त्या आसाला मिळाले. ज्यांच्याकडे असा आस नाही, त्यांना ही खबरदारी पान्यानेच घ्यावी लागते.

आता काम कसे करायचे ते ऐका. यंत्र नसले तरी चालेल. चार घोड्या, दोन सुतळ्या आणि एक पोलादी पट्टी पुरते. जमीन समपातळीत हवी. टायरांत हवा ठरल्याप्रमाणे, टाकीत नेहमीइतके पेट्रोल, आणि चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतकी पोती ठेवायची. रिकामी गाडी खोटी साक्ष देते. जॅकवरून उतरवलेली गाडी थोडी पुढेमागे ढकलून चाके बसू द्यायची. मग दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर, गाडीच्या मध्यरेषेला समांतर सुतळ्या ताणायच्या. सुतळीपासून रिमच्या पुढच्या काठाचे अंतर मागच्या काठापेक्षा जास्त, तर टो-इन. दोन्ही चाकांची मापे सारखी हवीत. एक आत आणि एक सरळ असले, तर गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते आणि चालक बिचारा स्टिअरिंग वाकडे धरून सरळ जातो.

क्रमही पक्का आहे. आधी मागची चाके, मग पुढची. आधी कॅम्बर, मग टो. कारण कॅम्बर हलवला की टो हलतो. बऱ्याच गाड्यांत हे कोन विकेंद्री बोल्ट फिरवून लावतात. माप मिळाले की नट टॉर्क पान्याने ठरलेल्या ताणाने आवळायचा, आणि आवळल्यावर पुन्हा मोजायचे. नट आवळताना माप सरकते. शेवटी ट्रॅकवर काही फेऱ्या मारून गाडी थांबताच टायरची उष्णता आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी पाहायची. आतली कड फार तापली तर कल जास्त, बाहेरची तापली तर कमी. टायर खोटे बोलत नाही.

एवढे शिकून आम्ही त्या मोडलेल्या गाडीला सुतळ्या लावल्या. मागचा डावा कोपरा आपटलेला होता. तो सोडून दिला. उजवे चाक शाबूत होते. ते ४ मि.मी. बाहेर पाहत होते, आणि त्याच्या बोल्टवरची रंगाची खूण सरकलेली होती. नट नुसता हाताच्या पान्याने लावलेला.

त्या संध्याकाळी आम्ही मेकॅनिकच्या घरी गेलो. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, शेवटचा ताण द्यायचा राहिला. ट्रक दारात उभा होता, शेठ ओरडत होते, गाडी चढवा म्हणून. पण मी सांगायला हवं होतं."

सभ्य गृहस्थहो, आमच्या तयार भाषणात कामगार पूर्ण निर्दोष होता. मालकाच्या पत्रात तो पूर्ण दोषी होता. दोघांनीही मोजले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही मालकापुढे नटही ठेवला आणि ट्रकच्या भाडेपावतीवरची वेळही ठेवली. काम मिळाल्यापासून ट्रक निघेपर्यंत अडीच तास. दोन टोकांची चारही चाके एकट्याने लावायला ते पुरेसे नव्हते. मालक बराच वेळ पावतीकडे पाहत राहिले. पत्र मागे घेतले गेले. पंधरा दिवसांचा पगार मात्र कापला गेला. आमचेच काही सभासद रागावले. "पुढारी मालकाला पुरावा देतो," असे म्हणाले. ते आम्ही ऐकून घेतले.

परंतु त्या दिवशी एक लेखी ठराव झाला. प्रत्येक गाडीबरोबर मापांचा कागद जाईल, त्यावर मोजणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची अशा दोन सह्या असतील, आणि सही झाल्याशिवाय गाडी रोखून धरण्याचा अधिकार मेकॅनिकला राहील. आजवर आम्ही पुष्कळ करार केले; पगारवाढीचेही केले. त्यांत हा अर्ध्या पानाचा करार आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

खांदा बरा झाल्यावर तो चालक पुन्हा गॅरेजात आला. गाडीत बसण्यापूर्वी त्याने कागद मागून घेतला, प्रत्येक आकडा वाचला आणि खालची सही कोणाची ते विचारले. आमचा मेकॅनिक पुढे झाला. चालकाने कागद घडी करून खिशात ठेवला आणि गाडी सुरू केली.